कोकणातल्या छोट्या कलासंग्रहालयाचं वर्ष कसं आखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गातल्या एका गावी दिवंगत चित्रकाराच्या राहत्या घराचं कलासंग्रहालय झालं आहे. दालनं चार. संग्रहात कागदावरची 120 चित्रं आहेत, त्यांत जलरंग जास्त आणि रेखाटनं थोडी. 35 तैलचित्रं आहेत. शिवाय दगडाच्या आणि पितळेच्या 20-25 लहान मूर्ती. पहिल्या वर्षासाठी ट्रस्टींनी सहा प्रदर्शनं आणि दर महिन्याला एक कार्यक्रम अशी यादी तुमच्या हातात ठेवली आहे. तुम्ही एकट्या, सोबत एक मदतनीस आणि दोन पहारेकरी. हे सगळं बारा महिन्यांत बसवायचं कसं?

नाही बसणार. सहाची दोन करा. तिसरं करायचंच असेल तर ते पावसाळ्यात, आणि त्यात कागदाचा कपटाही नको. मी तीस वर्षं हेच काम केलं, आधी मुंबईत, मग घाटावरच्या एका लहान संग्रहालयात. विषयांच्या यादीपासून सुरू झालेलं एकही वर्ष मला धड पार पडलेलं आठवत नाही. ‘निसर्गचित्रं’, ‘स्त्रीरूपं’, ‘कोकणचं जनजीवन’ ही नावं ट्रस्टींच्या बैठकीत छान वाटतात. पण भिंतीवर नावं टांगायची नसतात, वस्तू टांगायच्या असतात. कोणती वस्तू किती उजेड सोसते, किती दमट हवा सोसते आणि त्यानंतर तिला किती विश्रांती लागते, हा हिशेब आधी मांडा. वर्ष त्या हिशेबातून निघतं. विषय त्यात मागाहून बसवता येतात, आणि बहुधा जास्त चांगले बसतात.

उजेडापासून सुरुवात करू, कारण तो हिशेब कागदावर होतो.

पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप लक्स. भर उन्हात ते लाखाच्या घरात जातं. चित्राचा रंग एका दिवसात उडत नाही, पण पडलेला उजेड साठत जातो. 100 लक्समध्ये एक तास किंवा 50 लक्समध्ये दोन तास, रंगाच्या लेखी सारखंच. म्हणून आपण लक्स-तास मोजतो. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने 2004 साली यासाठी चार वर्ग ठरवून दिले. दगड, धातू, काच आणि बहुतेक मातीकाम यांना मर्यादाच नाही. तैलचित्रं, हस्तिदंत, न रंगवलेलं लाकूड यांना 200 लक्स आणि वर्षाला 6 लाख लक्स-तास. जलरंग, रेखाटनं, छापचित्रं, पोथ्या, लघुचित्रं यांना 50 लक्स आणि वर्षाला दीड लाख. रेशीम, वर्तमानपत्री कागद आणि लवकर उडणारे रंग यांना 50 लक्स आणि वर्षाला अवघे 15 हजार.

आता तुमचं संग्रहालय सकाळी 10 ते 6, सोमवारी बंद, असं धरा. दिवसाचे आठ तास, 50 लक्सने दिवसाला 400 लक्स-तास. सगळ्यात नाजूक वर्गातलं चित्र 37 दिवसांत आपला वर्षाचा वाटा संपवतं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सहा आठवडे झाले. तैलचित्रांचं तसं नाही. 200 लक्समध्ये दिवसाला 1600 झाले तरी 6 लाख पुरे व्हायला 375 दिवस लागतात, म्हणजे ती वर्षभर भिंतीवर राहिली तरी हरकत नाही. तुमचं एक दालन इथेच मार्गी लागलं: 35 तैलचित्रांतली निवडक 18-20 कायम लावून टाका आणि दोन वर्षं तिकडे बघू नका. म्हणजे धूळ झटका, पण बदलाबदलीची घाई करू नका.

तुम्ही म्हणाल, जलरंग तर तिसऱ्या वर्गात आहेत, मग 37 दिवसांची भीती कशाला? कारण चित्रकाराने रंगपेटीतला कोणता रंग वापरला हे तुम्हाला चित्राकडे बघून सांगता येणार नाही. जुन्या जलरंगांच्या पेट्यांत किरमिजी छटेचे काही रंग फार कच्चे असत. मी एकदा एका निसर्गचित्राचं माउंट, म्हणजे चित्राच्या कडा झाकणारी पुठ्ठ्याची चौकट, बदलायला काढलं. चित्रात सूर्यास्त होता, आकाश राखी, उदास; लेबलवरही आम्ही ‘पावसाळी सायंकाळ’ लिहिलं होतं. माउंट उचललं तर कडेखाली बोटभर रुंदीची गुलाबी-जांभळी पट्टी, कालच रंगवल्यासारखी. आकाश कधीच राखी नव्हतं. तीसेक वर्षं कुणाच्या तरी दिवाणखान्यात खिडकीसमोर राहून ते राखी झालं होतं. उडालेला रंग परत आणणारं कुठलंही औषध नाही. तेव्हा तुमच्या 120 चित्रांची माउंटं एकेक करून उचला आणि कडेखाली बघा. हे काम पावसाळ्यात नको, कोरड्या महिन्यांत करा. फरक दिसला ते चित्र नाजूक वर्गात. बाकीचीही शंका असेल तर तिथेच घाला.

यातून एक सोपी चक्री निघते. 120 चित्रांचे 24-24चे पाच गट करा. वर्षात दोनच गट बाहेर काढा, प्रत्येक गट तीन महिने. सुमारे 75 दिवस उघडं राहिलं तर एका खेपेला 30 हजार लक्स-तास होतात. पण तोच गट पुन्हा भिंतीवर यायला अडीच वर्षं लागतात, म्हणजे सरासरी वर्षाला 12 हजार. अगदी कडक मर्यादेच्याही आत. अडीच वर्षं दर खेपेला काहीतरी नवं दाखवता येतं आणि संग्रह जसाच्या तसा राहतो. ट्रस्टींना हा कागद दाखवा. माझा अनुभव असा की ‘नाही’ ऐकायला न तयार असलेली मंडळी आकडे मांडले की ऐकतात, निदान चहा संपेपर्यंत.

50 लक्स म्हणजे मिणमिणता उजेड, लोक तक्रार करतील, हे खरं आहे. पण तक्रार उजेडाची कमी आणि फरकाची जास्त असते. कोकणातल्या लख्ख अंगणातून माणूस थेट 50 लक्सच्या दालनात शिरला तर त्याला दोन मिनिटं काहीच दिसत नाही. तेव्हा कागदाचं दालन दारालगत ठेवू नका. आधी मूर्तींचं, मग तैलचित्रांचं, मग कागदाचं, असा उजेड उतरत न्या. डोळे तोवर सरावतात. खिडक्यांना जाड मांजरपाटाचे दुहेरी पडदे लावा. जुन्या घरात कौलांतली काचेची कौलं विसरली जातात, ती आधी झाका. लक्स मीटर स्वस्तातलं असलं तरी चालेल, मोबाइलमधलं अंदाजापुरतं ठीक.

उजेडाचा हिशेब सोपा. दमट हवेचा कठीण, आणि तुमच्याकडे खरा शत्रू तोच.

माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही जुलैमध्ये 40 जलरंगांचं प्रदर्शन लावलं. दालनात एसी होता, म्हणून सगळे निर्धास्त. एसी सकाळी 10 वाजता सुरू व्हायचा आणि संध्याकाळी 6 वाजता बंद, कारण वीजबिल. गणपतीच्या आधी एका पहारेकऱ्याने मला सांगितलं, “मॅडम, त्या पलीकडच्या भिंतीवरल्या चित्रांवर पीठ सांडल्यासारखं दिसतंय.” बुरशी होती. पश्चिमेची भिंत पावसाने ओली, दिवसभर एसीने गार. रात्री एसी बंद झाला की बाहेरची दमट हवा फटींतून आत यायची आणि गार भिंतीवर, फ्रेमच्या पाठीमागे तिचं पाणी व्हायचं. 11 चित्रं उतरवावी लागली. त्यांतल्या दोन चित्रांवरचे डाग आजही तसेच आहेत. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: अर्धा दिवस चालणाऱ्या एसीपेक्षा एसी नसलेलं बरं.

आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली की बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर ती 85-90 टक्क्यांपर्यंत असते. जगातली मोठी संग्रहालयं आता काटेकोर 50 टक्क्यांचा आग्रह सोडून 40 ते 60 टक्के आणि 16 ते 25 अंश अशी सैल चौकट मानू लागली आहेत. एका दिवसात मोठा चढउतार नको, एवढी अट. ती चौकटही चार दालनांत पावसाळाभर सांभाळणं तुमच्या ट्रस्टच्या खिशाला परवडणार नाही. म्हणून दालनांचा नाद सोडा. एक लहान खोली निवडा, शक्यतो घराच्या मधली, बाहेरची भिंत नसलेली. तिथे हवेतलं पाणी ओढणारं यंत्र चोवीस तास चालू ठेवा आणि जून ते सप्टेंबर सगळा कागद तिथेच. चित्रं आम्लरहित पुठ्ठ्याच्या घडीत, घड्या घट्ट झाकणाच्या पेटीत, पेटी जमिनीपासून वीतभर वर. फ्रेम भिंतीवर लावाल तेव्हा तिच्या पाठीला चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, मागून वारा खेळला पाहिजे. काचेला चित्र टेकता कामा नये. टेकलं तर ओल धरून ते काचेलाच चिकटतं आणि मग सोडवताना रंगासकट निघतं.

कसर, वाळवी, भुंगा यांच्यासाठी जुनी माणसं वेखंडाची पुरचुंडी आणि कडुलिंबाचा पाला ठेवत. पुरचुंडीवर माझा राग नाही. ती ठेवली म्हणून सहा महिने पेटी न उघडणाऱ्यांवर आहे. दर पंधरवड्याला पेट्या उघडून बघणं हे पावसाळ्यातलं तुमचं मुख्य काम, कुठलाही कार्यक्रम त्याच्या आड यायला नको.

ऑक्टोबरचीही घाई करू नका. पाऊस गेला की ट्रस्टींना लगेच उद्घाटन हवं असतं, दिवाळीच्या आत. पण त्या तीन-चार आठवड्यांत हवा झपाट्याने कोरडी होते. चार महिने पाणी प्यायलेलं लाकूड आणि कॅनव्हासच्या चौकटी तेव्हा आक्रसतात, रंगाला चिरा जातात त्या याच दिवसांत. पेट्या हळूहळू उघडा, चित्रांना दालनाच्या हवेची सवय होऊ द्या. हे मी किनाऱ्याबद्दल बोलते आहे. विदर्भात नेमकं उलट असतं, तिथे एप्रिल-मेची रखरख चित्रांना जास्त छळते. कुणाचं तरी वेळापत्रक उचलून आपल्याकडे लावू नये ते यासाठीच.

मोठ्या संग्रहालयांच्या तारखा याच नजरेने वाचून बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्यासोबत ‘भारत आणि जग’ हे 200हून अधिक वस्तूंचं प्रदर्शन केलं, ते नोव्हेंबर 2017 ते फेब्रुवारी 2018. त्याच संग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोमच्या प्राचीन शिल्पांचं प्रदर्शन डिसेंबर 2023मध्ये उघडलं, ते 2024चा पावसाळा ओलांडून चालू राहिलं. तारखा ठरवताना पर्यटक, शाळा, निधी अशी दहा कारणं असतात. पण एक गोष्ट उघड आहे: दगडाचं प्रदर्शन पावसाळ्यात नेता येतं, नाना तऱ्हेच्या वस्तू जिथे एकत्र येतात तिथे थंडीचे चार महिनेच सोयीचे.

आता तुमच्या गावाची खरी अडचण. कागदाला नोव्हेंबर ते एप्रिल हवेत. पण माणसं कधी येतात? गणपतीला. मुंबईचा चाकरमानी वर्षात तीनदा गावी येतो, गणपती, शिमगा आणि मे महिना, आणि त्यांतला सगळ्यात मोठा लोंढा ऐन भाद्रपदात, हवा अजून ओली असताना. शहरी संग्रहालयाला हा पेच नसतो. तुम्हाला तो दरवर्षी सोडवायचा आहे, म्हणून तुमचं तिसरं, पावसाळी प्रदर्शन.

त्यात मूर्ती काढा. 20-25 दगडी आणि पितळी मूर्ती एका दालनाला पुरतात, दाटी करू नका. सोबत चित्रकाराच्या पाच-सहा चित्रांच्या उत्तम छापील प्रती लावा आणि खाली स्पष्ट लिहा: ‘ही प्रत आहे. मूळ चित्र विश्रांतीला ठेवलं आहे, नोव्हेंबरनंतर पाहता येईल.’ प्रत मूळ म्हणून खपवणारी दालनं मी पाहिली आहेत, लोकांना ते कळतं आणि पुढे खऱ्या चित्रावरही त्यांचा विश्वास बसत नाही. उलट ‘विश्रांतीला’ हा शब्द वाचून लोक थांबतात, चित्राला विश्रांती कसली म्हणून विचारतात, आणि तुमचा पहारेकरी त्यांना उजेडाची गोष्ट सांगतो. त्याला ती आधी नीट शिकवून ठेवा. पाहुण्यांशी सगळ्यात जास्त वेळ तोच बोलतो, तुम्ही नाही.

गावातल्या गणपतीच्या शाळेतल्या मूर्तिकाराला एखाद्या दुपारी बोलवा. दगडातला हात आणि शाडूतला हात यांतला फरक तो जसा दाखवील तसा कुणी प्राध्यापक दाखवणार नाही. मात्र हा कार्यक्रम चतुर्थीच्या निदान तीन आठवडे आधी. नंतर त्याला मान वर करायला फुरसत नसते. माती अंगणात, दालनात नाही. आणि गणपतीच्या दिवसांत वेळ बदला: सकाळ नैवेद्यात जाते, रात्र आरत्या-भजनांत, दुपारी 3 ते 7 उघडं ठेवा. गर्दी तेव्हाच होईल.

मग नोव्हेंबर अखेरीस पहिला कागदी गट, फेब्रुवारी अखेरपर्यंत. दोन गटांच्या मध्ये दालन किमान दहा दिवस बंद लागतं: उतरवणं, प्रत्येक चित्राची स्थिती लिहिणं, फोटो काढणं, भिंतीचे खिळे बुजवणं, रंग मारणं, रंगाचा वास पूर्ण जाऊ देणं. तोवर बाकीची दालनं उघडी हवीत. ‘संग्रहालय बंद आहे’ अशी पाटी लांबून आलेल्याला एकदा दिसली की तो परत येत नाही. दुसरा गट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून. शिमगा काही वर्षी त्याच्या आधीच येऊन जातो. तसं असेल तर पहिला गट आठवडाभर आधी लावून आधीच उतरवा. पंचांग समोर ठेवूनच तारखा घाला, नुसत्या इंग्रजी महिन्यांवर जाऊ नका. हा गट मेअखेरपर्यंत चालला तरी चालेल, मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र हवेवर नजर ठेवा. वळीव लवकर पडला तर तारीख न बघता उतरवायचं. 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन नेमका चाकरमान्यांच्या मुक्कामात येतो. त्या दिवशी भाषण ठेवू नका, भांडार उघडून दाखवा, दहा-दहा जणांना. भिंतीमागे काय चालतं हे बघण्याची हौस लोकांना प्रदर्शनापेक्षा जास्त असते.

दर महिन्याच्या कार्यक्रमाबद्दल. बाराची सक्ती नको. वर्षात सहा-सात नीट झाले तरी पुष्कळ.

शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत. त्यासाठी मुख्याध्यापकांना पत्र पाठवून भागत नाही, चित्रकलेच्या शिक्षकांना गाठा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं त्यांनीच बसवलेली असतात. त्या परीक्षांच्या तारखा त्यांना आधी विचारा आणि परीक्षा झाल्यावर लगेच त्या मुलांना बोलवा. हात तापलेला असतो. वस्तुचित्र म्हणजे तांब्या आणि सफरचंद, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांना एका पितळी मूर्तीसमोर तासभर बसवा. दालनात फक्त पेन्सिल. शाई नाही, जलरंग नाही, पाण्याची बाटली नाही. या नियमात एकदाही सूट देऊ नका, पालकमंत्र्यांच्या नातवालाही नाही.

मला स्वतःला सगळ्यात प्रिय कार्यक्रम म्हणजे एका चित्रासमोर एक तास. बारा माणसं, बारा स्टुलं, एक चित्र. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग ज्याला जे दिसलं ते त्याने सांगायचं, आपण शेवटी बोलायचं किंवा बोलूच नये. मुंबईत आम्ही कोळीवाड्याच्या एका जलरंगासमोर असं बसलो होतो. लेबल होतं ‘मासळी बाजार, सकाळ’. जमलेल्यांत एक कोळीण आजी होत्या, नातीबरोबर आलेल्या. त्या म्हणाल्या, “टोपल्या उपड्या घातल्यात बघ. म्हणजे बाजार उठला. सकाळ कसली?” आमच्या नोंदवहीत ‘सकाळ’ कुणी लिहिलं होतं कोण जाणे, पण पुढल्या आठवड्यात लेबल बदललं. तुमच्या चित्रांत किनाऱ्यावरून ओढायची रापण असेल, होड्या असतील, खळी असतील. ती ओळखणारी माणसं तुमच्या गावात आज आहेत. वीस वर्षांनी नसतील. त्यांचं बोलणं लिहून ठेवा, ती तुमच्या संग्रहाची नोंद आहे.

थंडीत दशावताराचे दहीकाले, म्हणजे रात्रभराची नाटकं, सुरू होतात. ज्या रात्री गावात नाटक आहे त्याच्या दुसऱ्या सकाळी कार्यक्रम ठेवाल तर तुम्ही आणि पहारेकरी एवढेच असाल, आणि पहारेकरीही पेंगत असेल.

तोच संग्रह पुन्हा पुन्हा दाखवला तर लोक कंटाळतील, असं ट्रस्टी म्हणतील. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. 1872 साली लोकांसाठी उघडलेलं, जीर्णोद्धारानंतर 2008मध्ये पुन्हा उघडलं. मातीच्या छोट्या प्रतिकृती, नकाशे, कारागिरीच्या जुन्या वस्तू, असा एकोणिसाव्या शतकातला संग्रह. तिथे हयात चित्रकार-शिल्पकारांना बोलावून त्या जुन्या वस्तूंच्या सोबत, त्यांना उद्देशून काम मांडायला सांगितलं गेलं. 2011 साली जितीश कल्लाट यांनी तसं केलं होतं. कपाटं तीच, पण शेजारी आजचं काम आल्यावर ती वेगळी दिसतात. तुम्हाला एवढं मोठं नाव नको. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे, चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवणारे हात आहेत. त्यांतल्या एखाद्या तरुण कलाकाराला तुमची पाच चित्रं दाखवा, महिनाभर वेळ द्या आणि बघा काय करतो. मानधन मात्र द्या. ‘तुमची प्रसिद्धी होईल’ हे वाक्य कलाकाराला ऐकवायचं नाही.

दुसऱ्याच्या वस्तू मागून आणण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. एखाद्या मोठ्या संग्रहालयाकडून चित्र आणायचं तर वर्षभर आधी पत्रव्यवहार सुरू होतो. तिथल्या भिंतीवरून निघून परत तिथे लागेपर्यंतचा विमा, दोन्ही टोकांना लिहिलेला स्थितीचा अहवाल, पेटी आल्यावर उघडण्याआधी निदान एक दिवस तशीच ठेवणं, हे सगळं आलं. शिवाय ते तुमची आर्द्रतेची नोंद मागतील आणि ती तुमच्याकडे अजून नाही. गावातल्या घरांतून जुनी मूर्ती किंवा पोथी मागणार असाल तर 1972चा पुरावस्तू कायदा वाचून घ्या. साधारणपणे 100 वर्षांहून जुनी वस्तू आणि 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित त्यात येतं, आणि त्यांतल्या कित्येक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी लागते. नोंदणी म्हटली की लोकांना वाटतं सरकार देव उचलून नेणार, आणि मग ते वस्तू आहे हेच नाकारतात. आधी गप्पा मारा, कायदा नंतर काढा. पण लेखी पावती दिल्याशिवाय कुणाचीही वस्तू दाराच्या आत घेऊ नका, सख्ख्या मामाचीसुद्धा.

उद्घाटनाबद्दल एकच, पण जीव तोडून. समई दालनात लावायची नाही. धूर, तेल आणि ज्योत कागदापासून लांब हवी. दीपप्रज्वलन अंगणात, हार-तुरे अंगणात, कांदेपोहे आणि चहा अंगणात. पुष्पगुच्छ आत नेला की त्यातून किडे आत जातात. पाहुण्यांनी फीत कापून मोकळ्या हातांनी आत यावं. फ्लॅशने फोटो काढणाऱ्यांवर ओरडण्यात मी बरीच वर्षं घालवली, पण खरा धोका फ्लॅशचा नसतो, सेल्फी घेत मागे सरकणाऱ्या माणसाच्या पाठीचा असतो. मूर्तीच्या चौथऱ्याला जमिनीत पक्कं करा.

आणि तारखा ठरवण्याआधी, उद्याच, दोन आर्द्रतामापक आणा. एक दालनात टांगा, एक त्या मधल्या खोलीत. सकाळी 10 आणि संध्याकाळी 6, दोन्ही आकडे एका वहीत, पहारेकऱ्याच्या अक्षरात, सोमवारचेसुद्धा. आताचा उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि दिवाळीपर्यंतचे दिवस त्यात येऊ द्या. पहिला कागदी गट नोव्हेंबर अखेरीस की डिसेंबरच्या मध्यात, हे ट्रस्टींना त्या वहीवरून सांगा.